चीफकाकांची सहावी रात्र

संध्याकाळी सात वाजता सुप्रभात म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. खोक्यांच्या ढिगाऱ्यात मी कात्री शोधत होते आणि दारात एक उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ येऊन उभे राहिले. हातात कात्री. "सुप्रभात," ते म्हणाले. "मी केळुसकर. शेजारचा." खाली दिवे लागले होते, समोरच्या ब्लॉकमध्ये लोक जेवायला बसले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला असावा. हे मत मी पुढे बरंच बदललं, पण अगदी पूर्णपणे कधीच नाही.

केळुसकर मूळचे मालवणकडचे. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेलं, शेवटी चीफ इंजिनिअर, त्यामुळे सगळे त्यांना चीफ म्हणत आणि आम्ही चीफकाका. समुद्र सोडल्यावर ते जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात दुरुस्तीखात्यात होते. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस, गळ्यात पास, बगलेत डबा. घरी एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एवढंच मला सुरुवातीला ठाऊक होतं.

सुप्रभातचं कोडं आमच्या रेवानं सोडवलं. वय वर्षं आठ, मराठी समजतं पण तोंडातून निघत नाही. तिनं इथल्या सिंगापुरी इंग्रजीत सरळ विचारलं, "अंकल, इट्स नाइट टाइम लाह, व्हाय यू से गुड मॉर्निंग?" चीफकाकांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसे बोलले. युरोपात फार पूर्वी केल्ट नावाचे लोक होते. त्यांचा दिवस सूर्य मावळला की सुरू व्हायचा. आधी रात्र, मग उजेड. ते काळ मोजायचे तोही रात्रींवर. त्यांचे पुरोहित, वैद्य, न्याय देणारे, असे सगळे मिळून जे कोण, ते ड्रुइड. "आणि मी त्यांच्या पंथातला," चीफकाका म्हणाले. "तोआ पायोह शाखा. सभासद एक."

मी पुण्याची. संकष्टी करते, गणपती बसवते, आणि दुसऱ्याचं खूळ दिसलं की मला हसू आवरत नाही. पण या माणसाची थट्टा करणं अवघड होतं, कारण ते काम ते स्वतःच आधी उरकून घेत. जुनं किती आणि नवं किती, हे ते नेहमी वेगळं करून सांगत. ड्रुइडांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही, सगळं तोंडपाठ. एका रोमन माणसानं लिहिलंय, की त्यांचा महिना चंद्राच्या सहाव्या दिवशी सुरू व्हायचा. त्याच दिवशी ते ओकच्या झाडावर चढून सोन्याच्या विळ्यानं बांडगूळ कापत, कारण ते सगळं बरं करतं अशी त्यांची श्रद्धा. फ्रान्समध्ये काशाची एक पाटी सापडली आहे, तुकडे तुकडे झालेली, तिच्यावर त्या बाजूचे चांद्रमहिने कोरलेत, चांगले कोणते आणि चांगले नसलेले कोणते. "एवढं हातात धरता येतं," ते म्हणत. "बाकी अमावास्येला थांबा, वाढत्या चंद्रात सुरू करा, पौर्णिमेला आभार माना, उतरत्या चंद्रात सोडून द्या, हे सगळं अलीकडच्या लोकांनी बसवलंय. पण नीट बसवलंय." इंजिनिअरच्या तोंडून याहून मोठी पावती मिळत नसावी. बांडगुळाची पूजा आमच्या ऑफिसातही रोज चालते, असं माझा नवरा निखिल म्हणाला, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसले ते चीफकाकाच.

चंद्राच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. दिसला तर दिसला, नाही तर नाही. हा नियम मला पहिल्यांदा भोवला तो संकष्टीला. आमच्या भिंतीवर पुण्याहून आणलेलं कॅलेंडर, त्यात चंद्रोदय नऊ वाजून दहा मिनिटं. निखिलचं म्हणणं, घड्याळात नऊ दहा झाले की पान वाढ. माझं म्हणणं, ती भारतातली वेळ, इथे अडीच तास मिळवले पाहिजेत, म्हणजे अकरा चाळीस. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. आवाज ऐकून चीफकाका आले आणि शांतपणे म्हणाले, "दोघंही चुकताय. पुण्याचा चंद्र इथे कशाला उगवेल? अर्धा तास मिळव. नाहीतर गच्चीवर चल आणि बघ." आम्ही शेजारच्या कारपार्कच्या गच्चीवर गेलो. पावणेदहाच्या सुमारास दोन ब्लॉकांच्या मधून तो तांबूस चंद्र वर आला, आणि तेव्हा मला कळलं की सिंगापुरात आल्यापासून मी एकदाही चंद्र पाहून उपास सोडला नव्हता. तेव्हापासून दर महिन्याला ते आमच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं इथली वेळ लिहून जात. खाली तीच टीप, बघून जेवा.

सहाव्या रात्री मात्र त्यांचा दरबार भरे. आमची षष्ठी आणि त्यांची सहावी रात्र कधी जुळत, कधी एका दिवसानं चुकत. बांडगूळ इथे मिळत नाही आणि सोन्याचा विळा परवडत नाही, म्हणून चीफकाकांनी त्या दिवसाचा स्वतःपुरता अर्थ लावला होता, की बिघडलेलं बरं करायचं. सातला ते कारपार्कच्या गच्चीवर जाऊन चंद्र पाहून येत आणि मग कॉरिडॉरमध्ये घडीचं टेबल मांडत. कॉरिडॉरमध्ये सामान ठेवू नये अशी पाटी बरोबर त्यांच्या डोक्यावर. मजल्यावरची चिनी आजी भाताचा कुकर घेऊन येई, समोरचे मलय काका पंखा आणत, आमच्या मराठी बायका मिक्सर. मोबदला म्हणजे खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरची एक कोपी, म्हणजे इथली कॉफी, साखर कमी. एरवी कुणी काही आणलं की ठरलेलं उत्तर, "सहाव्या रात्री ये गो." कारखान्यातही असंच करता का, असं मी एकदा विचारलं. "तिथं चंद्र चालत नाही," ते म्हणाले. "तिथं सेफ्टीचं परमिट चालतं."

हे सगळं गंमतीचं. गंमत संपली ती आमच्या पहिल्या दिवाळीत.

वसुबारसेला माझा मिक्सर धूर सोडून बंद पडला. सण आहे म्हणून चीफकाकांनी नियम मोडला आणि तो उघडला. मोटरचे कार्बन ब्रश झिजले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे आणले, बसवले आणि वरचं झाकण लावायच्या आधी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अंधाराचे दिवस सुरू झाले होते. अमावास्येच्या आगेमागे तीन दिवस ते हातातलं काम जिथे असेल तिथे ठेवून देत. त्या दिवसांत काही पुरं करायचं नाही, हा त्यांचा पक्का नेम. आता आमची दिवाळी म्हणजेच अमावास्या. मी ओटा भरून रवा-बेसन मांडून बसलेली, पिठीसाखर करायची राहिलेली, आणि माझा मिक्सर शेजारच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलेला.

"काका, चार स्क्रू राहिलेत फक्त," मी म्हणाले.

"राहू देत."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"ठाऊक आहे."

मग माझा तोल गेला. मी म्हणाले, तुमचे ते ड्रुइड येऊन माझे लाडू वळणार आहेत का? माणूस असं अर्धं काम टाकून उठतो तरी कसा?

चीफकाका रागावले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "मी एकदा पुरं करून उठलो होतो."

नऊ वर्षांपूर्वी त्यांचं जहाज वेल्समधल्या एका बंदरात गोदीत होतं. मुख्य इंजिन उघडलेलं. इकडे याच फ्लॅटमध्ये त्यांची बायको वासंती आजारी होती आणि तिच्याजवळ एकुलती एक मुलगी, मुक्ता, एकोणीस वर्षांची. एका सकाळी मुक्ताचा मेसेज आला. दोनच शब्द. बाबा, ये. कंपनी त्याच दिवशी तिकीट द्यायला तयार होती. हाताखालचा सेकंड इंजिनिअर हुशार होता. गोदीच्या कँटीनमध्ये ग्वेन नावाची एक म्हातारी होती, ड्रुइड पंथातली. तिनं यांचा चेहरा पाहून विचारलं आणि म्हणाली, हे अंधाऱ्या चंद्राचे दिवस आहेत, काही पुरं करायचे नाहीत, ठेव ते आणि घरी जा. हे हसले. दोन दिवसांत इंजिन जोडून बंद करतो आणि निघतो, असं मुक्ताला कळवलं.

"दोन दिवसांत बंद केलं," चीफकाका म्हणाले. "एक बोल्ट राहिला नाही. तोवर वासंती गेली."

आईला अग्नी मुक्तानं एकटीनं दिला. हे घरी पोचले तेव्हा दार तिनंच उघडलं. म्हणाली, "झालं का इंजिन?" त्यानंतर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. महिनाभरात हॉस्टेलवर गेली, पुढे शिक्षण, नोकरी, लग्न. आता बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत राहत होती, इथून बसनं अर्ध्या तासावर.

"ग्वेनबाईला नंतर मी पत्रं लिहिली," ते म्हणाले. "तिनं शिकवलं हे सगळं. पण त्या दिवशी बाई मला चंद्राचं काही सांगत नव्हती गो. घरी जा म्हणत होती. एवढं कळायला तीन वर्षं लागली."

दर सहाव्या रात्री चंद्र पाहून झाला की ते मुक्ताला एक ओळ पाठवत. क्षमा नाही, ये नाही, कशी आहेस नाही. आज दिसला, किंवा आज दिसला नाही. वाचल्याच्या दोन निळ्या टिका यायच्या. उत्तर कधी आलं नव्हतं. "वाचते ना," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की मला माझ्या लाडवांची लाज वाटली. मी टेक्क्याच्या भारतीय बाजारातून तयार पिठीसाखर आणली. मिक्सर सहाव्या रात्री मिळाला.

पुढच्या वर्षी डिसेंबरात, तीन-तीन दिवस न थांबणारा पाऊस लागला होता तेव्हा, चीफकाकांच्या छातीत दुखायला लागलं. निखिल त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेला. हृदयाच्या नळीत तार घालावी लागली. मी भेटायला गेले तेव्हा मनगटाला पट्टी, अंगाला वायरी, आणि डोळे खिडकीकडे. फोन आणि घराच्या किल्ल्या त्यांनी माझ्याकडे दिल्या. "उद्या सहावी रात्र," ते म्हणाले. "सातला गच्चीवर जा. दिसला तर दिसला म्हणून लिही, नाही तर नाही. आणि तिला इथलं काही कळवायचं नाही. घाबरून आली तर ते येणं नव्हे."

दुसऱ्या दिवशी सातला मी छत्री घेऊन कारपार्कच्या गच्चीवर उभी राहिले. आभाळ नुसतं ओतत होतं, शेजारचा ब्लॉक धड दिसत नव्हता. फोन उघडला आणि मुक्ताला गेलेले मेसेज वर वर सरकवत गेले. दिसला, ढगाआडून. दिसला नाही. दिसला, वारा होता. दिसला नाही, पाऊस. दिसला. दिसला नाही. सगळ्यांपुढे दोन निळ्या टिका, आणि पलीकडून काहीच नाही. मला रडू आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या माणसाचा जीव वायरींना अडकलेला, आणि आजही त्याच्या नावानं मी एक नकारच पाठवायचा? मला ते जमेना. मी लिहिलं, "आज दिसला. फार सुंदर होता." आणि पाठवून दिलं.

टिका लगेच निळ्या झाल्या. मग वर दिसायला लागलं की पलीकडे कुणीतरी लिहितंय.

"हे बाबांनी लिहिलेलं नाही. तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. मी पण बाहेरच उभी आहे. बाबा कुठे आहेत?"

म्हणजे इतकी वर्षं दर सहाव्या रात्री ती मुलगीही बाहेर येऊन वर पाहत होती. बाप खरं लिहितो की नाही ते ती ताडून बघत होती, आणि बापानं तिला एकदाही खोटं लिहिलं नव्हतं. ते काम मी केलं. चीफकाकांना दिलेला शब्द मी तिथेच गच्चीवर मोडला आणि हॉस्पिटलचं नाव कळवलं.

मी टॅक्सी करून पोचले तेव्हा वॉर्डाच्या दाराशी एक तिशीची बाई उभी होती, केस आणि बूट भिजलेले. नाक सरळ चीफकाकांचं. आम्ही आत गेलो. त्यांचे डोळे मिटलेले होते. पावलं ऐकून त्यांनी न उघडताच विचारलं, "काय गो अनघा, दिसला?"

मी मुक्ताकडे पाहिलं.

"नाही दिसला, बाबा," मुक्ता म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून, कारखान्यातल्या पोरांना सांगत असतील त्याच आवाजात म्हणाले, "मग तसं लिहायचं होतं." मी बाहेर आले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

सगळं एका दिवसात निवळलं असं नाही. मुक्ता सहाव्या रात्री यायला लागली, तीही दर महिन्याला नाही. गच्चीवर दोघं चार हात अंतर ठेवून उभी राहत. विषुववृत्ताजवळ चंद्राची कोर आडवी, वाटीसारखी पडलेली असते. वेल्समध्ये ती उभी असते, हे चीफकाका तिला सांगत, आणि ती "हं" म्हणे. एकदा तिनं बिघडलेली इस्त्री आणली. इस्त्रीची एक वायर सुटली होती, हे मलासुद्धा दिसत होतं. चीफकाकांनी ती बरी करायला तीन महिने घेतले. दर वेळी गंभीरपणे उघडायची, टॉर्च मुक्ताच्या हातात द्यायचा, आत बघून मान हलवायची आणि म्हणायचं, पुढच्या सहाव्या रात्री बघू. तिसऱ्या खेपेला मुक्ता हसली. "बाबा, इट्स जस्ट द वायर, लाह," ती म्हणाली. "ठाऊक आहे," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी निखिलचा नोकरीचा पास वाढवून मिळाला नाही आणि आम्हाला थोड्याच दिवसांत पुण्याला परतावं लागलं. तोवर चीफकाका बुकित तिमाहला मुक्ताकडे राहायला गेले होते. नातू झाला होता, त्यालाही ते संध्याकाळी सातला सुप्रभात म्हणत असत, हे सगळं मला फोनवरून कळलं. निरोपही फोनवरच झाला. तीन वर्षांनी ते गेल्याचं मुक्तानं कळवलं. मला फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं. पण त्यांची आठवण झाली की मला ते सगळं आठवत नाही. आठवते ती आमच्या मजल्यावरची त्यांची शेवटची सहावी रात्र.

सात वाजायला आले होते. ते अजून गच्चीवर गेले नव्हते, कारण टेबलापुढे आधीच गर्दी. आजीचा कुकर, दोन पंखे, आणि माझा मिक्सर, पुन्हा एकदा पोट उघडं टाकून. चीफकाकांच्या कोपरापर्यंत ग्रीस. फोन वाजला तेव्हा त्यांनी करंगळीनं स्पीकर लावला.

मुक्ताचा आवाज घाबरलेला होता. तिचे दिवस भरत आले होते आणि नवरा कामासाठी परदेशी होता, हे आम्हाला ठाऊक होतं.

"बाबा, ये."

चीफकाकांनी काही विचारलं नाही. कुठल्या हॉस्पिटलात, किती वेळ आहे, काही नाही. स्क्रूड्रायव्हर हातातून खाली पडला, तो उचलला नाही. उठले आणि तसेच चालू लागले, हात न धुता, पायात घरातल्या सपाता. आजी चिनीत काहीतरी विचारत राहिली. मी त्यांचं पाकीट घेऊन मागे धावले आणि लिफ्टपाशी त्यांच्या खिशात कोंबलं. कॉरिडॉरच्या कठड्यावरून वाकलं की उंचावर चंद्र स्पष्ट दिसत होता, अर्ध्याहून जरा कमी, आडवा पडलेला.

"काका, दिसतोय," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. लिफ्टचं बटण दाबत राहिले.

"तू बघ गो," ते म्हणाले, आणि दार बंद झालं.

मी टेबलापाशी परत आले. माझ्या मिक्सरचे चारही स्क्रू झाकणात तसेच पडले होते.